शेखरचंही तसंच होतं

मालनबाईंनी नांदगावात अडतीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. पट्टा निसटला तर स्वतः चढवायच्या, झिजलेल्या दगडाला टाकी लावून धार काढायला माणूस आला तर त्याच्या समोर उभं राहून काम करून घ्यायच्या. गिरणी चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळे गिरणी बंद असली तरी त्यांचा आवाज म्हणून खाली यायचा नाही. नवऱ्याचं नाव कारभारी, पण त्यांच्याकडे फक्त चार एकर शेती. बाकी सगळा कारभार मालनबाईंचा, असं गल्लीत लोक गमतीनं म्हणायचे. एखादी गोष्ट आपल्याला जमणार नाही, असं मालनबाईंना सदुसष्ट वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

म्हणून नाशिकहून सुनेचा, उज्वलाचा फोन आला, "आई, मी परत नोकरीवर रुजू होतेय, सृष्टीजवळ घरचं कोणीतरी हवंय," तेव्हा त्यांनी गिरणी चंदरच्या, म्हणजे पुतण्याच्या हवाली केली, घरचे गहू पोत्यात बांधले आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं त्या इंदिरानगरला हजर झाल्या.

सृष्टी साडेपाच वर्षांची. कुरळ्या केसांची, गोबऱ्या गालांची. बोलायची फार थोडं. 'पाणी', 'नको', 'झोका' असे आठ-दहा शब्द, बस. हाक मारली तर वळून बघायची नाही. जेवायला दहीभात, तोही एका ठरावीक वाटीतच. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून ती गॅलरीत ओळीनं मांडायची, आणि त्यातला एखादा कोणी हलवला की जिवाच्या आकांतानं रडायची. वर्षापूर्वी डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, हिला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस थेरपी चालू होती.

मालनबाईंना त्यातलं काही पटलं नव्हतं. "आजार-बिजार काय नाय," त्यांनी आल्या आल्या सुनेला सांगून टाकलं. "घरात माणसंच नाय तर पोरगी बोलणार कोणाशी? तू कामात, आन माझा शेखर तर पहिल्यापासूनच घुमा. मला दोन महिने दे. बघ कशी घडाघडा बोलती करते."

उज्वलानं वाद घातला नाही. तिनं फ्रीजवर चिकटवलेला कागद दाखवला. कुकर लावण्याआधी सृष्टीला सांगायचं. मिक्सर लावायचा तर तिला आधी आतल्या खोलीत न्यायचं. मागून एकदम हात लावायचा नाही. ती रडून कोसळली, तर हात न लावता, न बोलता नुसतं जवळ बसायचं. "आणि आई," उज्वला जरा चाचरत म्हणाली, "तेवढं हळू बोलाल का? मोठ्या आवाजाचा तिला खरंच त्रास होतो."

"माझ्या आवाजाचा? अगं, माझ्या मांडीवर पाच पोरं वाढली या आवाजात!"

पण आठवडाभरात मालनबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. त्या ज्या खोलीत असतील, त्या खोलीत सृष्टी थांबत नव्हती. त्या हॉलमध्ये आल्या की ती आत, त्या आत गेल्या की ती गॅलरीत. मालनबाईंनी गाणी म्हणून पाहिली, टाळ्या वाजवून पाहिल्या, चिमटे लपवून ठेवले, वाटी बदलून पाहिली. प्रत्येक वेळी रडारड झाली. सख्खी नात आपल्यापासून पळते, हे त्यांना फार लागलं. पण तोंडावर दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

एके सकाळी उज्वला कॉलेजात गेली होती. तिथल्या लायब्ररीत तिची नोकरी. शेखर अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. मालनबाईंनी गव्हाचा डबा उचलला, सृष्टीचा हात धरला आणि चौकातली गिरणी गाठली. वाटेत पोरगी छान चालली. गिरणीत पाऊल टाकताच गरम पिठाचा वास आला आणि मालनबाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं. गिरणीवाला यादव नावाचा भला माणूस होता. मालनबाईंनी चिमूटभर पीठ बोटांवर घासून पाहिलं, "जरा बारीक ठेव रे बाबा," असं हक्कानं सांगितलं. यादवनं बटण दाबलं.

सृष्टी उभी होती तिथंच खाली कोसळली. दोन्ही हात कानांवर, पाय पोटाशी. किंचाळली ती अशी, की गिरणीच्या घरघरीतूनही आवाज रस्त्यावर गेला. मग तिनं स्वतःच्याच मनगटाचा कडकडून चावा घेतला. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. "केवढे लाड करून ठेवलेत," एकजण म्हणाली. "आजी, एक ठेवून द्या, आपोआप गप्प होईल."

मालनबाईंचा हात वर गेला. सवयीनंच गेला.

आणि तो तसाच राहिला. कारण खाली सृष्टी नव्हतीच. खाली शेखर होता. नांदगावच्या गिरणीत, पत्र्याच्या डब्यांच्या आड, याच वयाचा. असाच पाय पोटाशी घेऊन, हात कानांवर दाबून. गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि 'गिरणीवालीचं पोरगं गिरणीला भितंय' म्हणून सगळी गल्ली हसत होती. मालनबाईंनी त्याला जुन्या पट्ट्याच्या तुकड्यानं फोडून काढलं होतं. एकदा नव्हे. त्याची भीती मोडायची म्हणून वर्षभर रोज शाळा सुटल्यावर त्याला गिरणीत आणून बसवलं होतं. वर्षानं तो रडायचा थांबला. मालनबाईंनी ते चारचौघींत कौतुकानं सांगितलं होतं. त्यानंतर तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागला, ते मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही ते आजच ध्यानात येत होतं.

"यादव, बंद कर!" त्या गरजल्या. "आधी बंद कर!"

गिरणी थांबली. मालनबाई पिठानं पांढऱ्या झालेल्या फरशीवर सृष्टीपासून हातभर अंतरावर बसल्या. हात लावला नाही, बोलल्या नाहीत. कागदावर तसंच लिहिलं होतं. बायका चुळबुळ करत होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं सृष्टीचा श्वास सावकाश झाला. ती उठली, फ्रॉक झटकला आणि दाराकडे चालू लागली. मालनबाई गव्हाचा डबा तिथंच सोडून तिच्यामागं निघाल्या.

संध्याकाळी त्यांनी उज्वलाला सगळं सांगितलं. हात उगारला होता, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून थेरपीला मी नेते तिला. ते लोक काय करतात, मला शिकायचंय."

थेरपी सेंटर घरापासून चालत वीस मिनिटांवर. तिथले धम्मपाल सर तिशीतले, शांत बोलणारे. ते सृष्टीला जाड उशांमध्ये दाबून झुलवायचे, वाळूत हात घालायला लावायचे, चित्रांची कार्डं दाखवून 'आधी हे, मग ते' असं समजावायचे. मालनबाई कोपऱ्यात बसून बघायच्या आणि घरी येऊन तसंच करायच्या. कार्डं त्यांनी स्वतः बनवली. त्यांचा झोका म्हणजे दोन काठ्यांवर टांगलेली भाकरी दिसायची, पण सृष्टीला तो कळायचा. सगळ्यात अवघड गेलं ते हळू बोलणं. पहिले काही दिवस त्यांचा घसाच बसला. पण तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या गॅलरीत मेथी निवडत होत्या, तेव्हा सृष्टी आपले चिमटे घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी ओळ मांडायला बसली. मालनबाई मेथीची जुडी हातात धरून अर्धा तास हलल्या नाहीत.

एका शनिवारी धम्मपाल सरांनी घरच्यांना बोलावलं. उज्वलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून शेखर आला. तो चाळिशीचा, उंच, सडपातळ. कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायचं त्याचं काम. केसाएवढा ओरखडा त्याच्या नजरेतून सुटत नसे. बाकी कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकाच रंगाचे पाच शर्ट, डबा एकट्यानं खायचा.

सर सृष्टीच्या लहानपणाचं एकेक विचारत गेले आणि लिहीत गेले. "नाव घेतल्यावर बघायची का? दोन वर्षांची असताना?"

"नाय बघायचा," मालनबाई म्हणाल्या. "बहिरा आहे का म्हणून मी मागं जाऊन ताट वाजवायचे."

"खेळायची कशी?"

"मोकळ्या बाटल्यांची बुचं. दिवसभर लावत बसायचा. कोणी हात लावला का संपलं."

"खाण्यापिण्याचं?"

"दोन वर्षं नुसती दूधपोळी. भाजी ताटाला लागली तर ताट ढकलायचा. अंगाला नवं कापड सहन नाय व्हायचं, दिवाळीला जुनाच सदरा घालायचा…"

धम्मपाल सरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्ही कोणाबद्दल सांगताय?"

मालनबाई थांबल्या. त्यांनी शेजारी पाहिलं. शेखर समोरच्या भिंतीकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"शेखरचंही तसंच होतं," त्या म्हणाल्या. गिरणीचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं. त्या छोट्या खोलीत लेकासमोर सगळं सांगितलं.

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "कधी कधी एकाच घरात असं दिसतं. पण मी नुसतं ऐकून काही म्हणणं बरोबर नाही. शेखरसर, मोठ्या माणसांचीही तपासणी होते. तुम्हाला वाटलं तर डॉक्टरांचं नाव देतो. नाही वाटलं तरी काही बिघडत नाही. तुमचं आयुष्य तुम्ही उभं केलंच आहे."

शेखरनं चिठ्ठी घेतली आणि चार घड्या करून खिशात ठेवली.

घरी येताना सृष्टी दोघांच्या मध्ये, फरशीच्या रेघेवर पाय देत चालत होती. अर्ध्या वाटेवर शेखर म्हणाला, "तू मारायचीस ते मला आठवतं. का मारायचीस ते कळायचं नाही. मला वाटायचं, सगळ्यांनाच त्या आवाजानं तेवढं दुखतं आणि सगळे सोसतात. मीच एकटा नालायक."

मालनबाई रस्त्यात थांबल्या. आयुष्यात त्या कोणापुढं नमल्या नव्हत्या. "चुकलं माझं, शेखर," त्या म्हणाल्या. "लय चुकलं."

शेखरनं विचार केला. "तुला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मलाही नव्हतं. चल, तिच्या दहीभाताची वेळ झाली."

एवढंच. पण त्या संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन आपणहून आईजवळ येऊन बसला.

शेखरच्या डॉक्टरांकडे चार फेऱ्या झाल्या. अंदाज खरा निघाला. त्यानं घरी येऊन उज्वलाला पाण्याचं बिल आलंय अशा आवाजात सांगितलं, "मलाही ऑटिझम आहे."

उज्वला कपड्यांच्या घड्या घालत होती. ती खुर्चीत बसली. "म्हणजे आपल्या लग्नात तुम्ही मांडवातून उठून जीपमध्ये जाऊन बसलात, ते…"

"बँडमुळे," शेखर म्हणाला. "आणि माइक खरखरत होता."

"आणि मी दहा वर्षं समजतेय, की तुम्हाला मी पसंत नव्हते!" उज्वला हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. शेखर गोंधळून आईकडे बघायला लागला.

"रडू दे तिला," मालनबाई हळूच म्हणाल्या. "चांगलं रडणं हे ते."

कारभारींना हे फोनवर सांगितलं, तर ते उखडले. "आता लेकालाबी लावला का रोग? दोन महिने म्हणून गेलीस, चार झाले. पोरगी बोलती झाली का?"

"नाय झाली. मी जरा कमी बोलती झाले."

"मालेगावच्या अंगाला एक बाबा आहे, म्हणतात…"

"अहो, ऐका," मालनबाई म्हणाल्या. "बाबा नको, अंगारा नको, आन आणखी एक पोर होऊ द्या म्हणून सुनेला फोन करू नका. मला समजलंय ते. हा आजार नाय, घडणच तशी हे. तुमच्या लेकाची पण. यायचं तर बघायला या, नायतर भाकरी थापायला शिका. मी इथंच राहणार."

मे महिन्यात शाळेचा प्रश्न उभा राहिला. घराजवळच्या शाळेनं फॉर्म घेतला, सृष्टीला पाहिलं आणि फॉर्म परत पाठवला. उज्वला दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा शेखर म्हणाला, "मी येतो." मालनबाईही पदर खोचून निघाल्या. मुख्याध्यापिकेला काय काय सुनवायचं, ते त्यांनी वाटेत मनात जुळवून ठेवलं होतं.

मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. "तुमचं दुःख मी समजू शकते," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे तशी सोय नाही. वर्गात चाळीस मुलं. बाकीच्यांच्या अभ्यासाचाही विचार करावा लागतो. विशेष मुलांची शाळा बघा ना."

मालनबाईंनी तोंड उघडलं. पण त्याआधी शेखर बोलायला लागला. बाईंच्या डोळ्यांकडे नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत.

"मॅडम, मलाही ऑटिझम आहे. मला या वर्षी कळलं. तुमच्या ऑफिसातली उजवीकडची ट्यूब आवाज करते. तुम्हाला तो ऐकू येत नसेल. मी आत आल्यापासून मला तोच सगळ्यात मोठा ऐकू येतोय, तरी मी बोलतोय. मी शाळेत दहा वर्षं असाच बसलो. सर म्हणायचे, याचं लक्ष नाही. माझं लक्ष होतं. पंख्यावर होतं, खडूच्या आवाजावर होतं, शेजारच्याच्या डब्याच्या वासावर होतं आणि फळ्यावरही होतं. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

बाईंनी वर ट्यूबकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. खोलीत खिडकीचा उजेड पुरेसा होता.

"थँक यू," शेखर म्हणाला आणि त्यानं खिशातून कागद काढला. "सृष्टीला फार काही लागत नाही. दाराजवळची जागा. घंटा व्हायच्या आधी कोणीतरी तिला सांगायचं. चित्रांची कार्डं आम्ही देऊ. खूप त्रास झाला तर दहा मिनिटं बाहेर बसायची परवानगी. आणि कायद्यानं तुम्हाला नाही म्हणता येत नाही, ते शेवटी लिहिलंय. ते वाचायची वेळ येऊ नये, असं मला वाटतं."

"आमच्या शिक्षकांना याचं ट्रेनिंग नाही हो," बाई म्हणाल्या. पण आता त्यांचा सूर वेगळा होता.

"मलाबी नव्हतं," मालनबाई म्हणाल्या, अगदी हळू. "मी गिरणीवाली बाई, सातवी पास. सदुसष्टाव्या वर्षी शिकले. तुमच्या बाई तर तरुण असतील. मी बाहेर बाकावर बसून राहीन रोज. अडलं तर हाक मारा."

मुख्याध्यापिकांनी कागद दोनदा वाचला. "ठीक आहे. एक महिना ट्रायल घेऊ."

"बाकीच्या मुलांना ट्रायल असते का?" शेखरनं विचारलं. त्याला खरंच माहिती हवी होती.

बाईंनी कागद खाली ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. "नसते." आणि त्यांनी ड्रॉवरमधून प्रवेशाचा नवा फॉर्म काढला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिला आठवडा कठीण गेला. तिसऱ्या दिवशी सृष्टीनं एका मुलाची वही फाडली, पाचव्या दिवशी अर्ध्या तासात घरी यावं लागलं. एका पालकानं तक्रार लिहून दिली. पण वर्गशिक्षिका तेजस्विनी नावाची हुशार मुलगी होती. ती सुट्टीत बाहेर यायची, मालनबाईंच्या शेजारी बाकावर बसायची आणि एकेक खुबी विचारून घ्यायची. ऑगस्टपर्यंत सृष्टी दोन तास वर्गात बसायला लागली. सप्टेंबरात तिच्या बाकावरची पिंकी नावाची मुलगी घंटेच्या आधी स्वतःच कार्ड दाखवायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. शब्द फार वाढले नाहीत, तीस-पस्तीस झाले असतील. 'आजी' हा अजून त्यात नव्हता. मालनबाईंनी त्याची वाट बघणं सोडून दिलं होतं, कारण पोरगी सकाळी उठली की आधी त्यांच्या अंथरुणात येऊन पाठ टेकून बसायची.

दिवाळीच्या सुट्टीत कारभारी आले. दोन दिवस त्यांनी नुसतं सगळं पाहिलं: कार्डं, वाटी, चिमट्यांची ओळ. घरात टीव्हीचा आवाज लहान ठेवलेला, कोणी कोणाला ओरडून हाक मारत नाही. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी, गर्दी व्हायच्या आत, सगळे पांडवलेणीला निघाले. शेखरनंच ठरवलं होतं. सृष्टीला पायऱ्या आवडतात.

सृष्टी आणि शेखर पुढं गेले. दोघंही एका लयीत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढत होते. उज्वला पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागं होती. कारभारी निम्म्यावर धापा टाकत कठड्यावर टेकले. मालनबाई शेजारी बसल्या. खाली सगळं नाशिक कोवळ्या उन्हात पसरलं होतं.

"केव्हाचा बघतोय," कारभारी म्हणाले, "दोघं एक शब्द बोलत नाय एकमेकांशी."

"नाय बोलत."

"पण खुशीत दिसतात."

"हायेतच."

कारभारींनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. "मी त्याला शेतात घेऊन जायचो तेव्हा तो पाटाच्या पाण्यात हात घालून तासन् तास बसायचा," ते म्हणाले. "तेवढंच त्याला आवडायचं. मला वाटायचं, कामचुकार आहे." मग त्यांनी विचारलं, "पोरीला आवडेल का गं, पाटाचं पाणी?"

"विचारा की तिच्या बापाला," मालनबाई म्हणाल्या.

कारभारी गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि वर बघत, सावकाश, पायऱ्या चढायला लागले.